उचलून नेता येण्याजोगा

विजेचा शेवटचा खांब एल्वेसिओच्या कुंपणापाशी संपतो.
तिथून माझं घर सातशे पावलं, सगळी चढाची.
कंपनीचा माणूस म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात बघू.
कुठल्या उन्हाळ्यात ते बोलला नाही,
मीही विचारलं नाही, त्याची होडी सुटत होती.

घर म्हणजे सध्या सोळा खांब,
अर्धं छप्पर, आणि भिंत जिथं येईल तिथं
आब्दोन सुतारानं ताणलेली दोरी.
त्याच दोरीवर मी हातमोजे वाळत घालते.
वाळत नाहीत. या बेटावर काहीच वाळत नाही.

मंगळवारी आचाओला गेलो, तो आणि मी.
त्याच्या खिशात फळीचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं हिशोब:
गोल करवत अठराशे वॅट.
विहिरीचा पंप साडेसातशे, पण सुरू होताना तिप्पट मागतो,
पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.
दोन दिवे. रेडिओ. माझा फोन.
करवत आणि पंप एकदम लावायचे नाहीत असं ठरलं.
ठरलं म्हणजे मी म्हणाले आणि आब्दोन गप्प राहिला.

दुकानातल्या यास्नानं दोन यंत्रं पुढं केली.
पिवळं, उघड्या सांगाड्याचं, साडेपाच हजार वॅट,
अठ्ठ्याहत्तर किलो, आणि स्वस्त.
हे सुरू झालं की कोंबड्या अंडी द्यायच्या विसरतात, तीच म्हणाली.
लाल, बंद पेटीतलं, दोन हजारांचं,
एकवीस किलो, वर मूठ, किंमत जवळपास दुप्पट.
दोन्हींवर एकच शब्द छापलेला: पोर्टेबल.
मी विचारलं, कुणासाठी?

आब्दोन पिवळ्याभोवती फिरत राहिला
जत्रेतल्या बैलाभोवती फिरावं तसा.
मी दोर ओढून पाहिला. खांद्यात कळ, यंत्रात काही नाही.
लाल तिसऱ्या ओढीला बोलायला लागलं, हळूच,
बंद दाराआड कुणी दळण दळतंय तसं.

याच्यानं पंप उचलणार नाही, आब्दोन म्हणाला.
आणि मी पिवळं उचलणार नाही.
दोन्या नोल्फा, घर बांधायचंय की सहलीला जायचंय?
घर तू बांधून जाशील, मी म्हणाले. राहायचंय मला.

यास्नानं कागद वाचून दाखवला:
चालू असताना घराबाहेर ठेवा,
खिडक्यांपासून सहा मीटर लांब.
खिडक्या अजून नाहीत, मी म्हणाले.
मग धुराला आत यायला सोपंच की, ती म्हणाली.

धक्क्यावर आब्दोननं हात पुढं केला, मी दिला नाही.
एक तर रुसलेल्या माणसाकडून मदत घेऊ नये,
आणि दुसरं, मला मोजायचं होतं.
अकरा वेळा टेकले.
सातवा थांबा एल्वेसिओच्या खांबापाशी.
लाल पेटी खांबाला टेकवली, दम घेतला.
वर तारा गुणगुणत होत्या, एल्वेसिओच्या टीव्हीसाठी.

आता ते छपरापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला असतं,
नवऱ्याच्या जुन्या होडीखाली.
होडी पालथी घातलीय, चार ओंडक्यांवर, चहूकडून उघडी.
ती दोन दर्यांतून वाचली, सुरवंटापुढं हरली.
लाकूड पोखरणारा सुरवंट; तिला पाण्यात सोडवत नाही,
पाऊस मात्र अजून अडवते.

पंप खोक्यातच आहे. आब्दोन त्यावर बसून जेवतो.
पाणी मी बादलीनं आणते, तीस वर्षं आणलंय.
त्यानं करवतीला लहान पातं लावलं, दात कानशीनं घासले,
आणि जाड तुळईला यंत्राचा लाल दिवा लागला
की तो हात आखडता घेतो, शिवी गिळतो,
परत घालतो.
आवाज लहान आहे, त्यामुळं शिवी मला ऐकू येते.

संध्याकाळी भुसा झाडून तो होडीपाशी वाकतो.
बंद करू?
पेट्रोलची कॅन महाग, शुक्रवारपर्यंत होडी नाही.
थांब, मी म्हणते.
फोन अठ्ठ्याण्णववर आलाय.